वाचक विचारतात : साठ दिवसांत मावेल एवढंच

गेल्या अंकात मी ओझरता उल्लेख केला होता की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की हे पूर्ण सदर त्यालाच देते आहे. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी : योजना १९७९ पासून चालू आहे, मुलं तिला नुसतं 'एसटीएस' म्हणतात. आपल्याच कॉलेजातला पूर्णवेळ शिक्षक गाईड म्हणून धरायचा, प्रपोजल पाठवायचं, निवड झाली तर काम करून रिपोर्ट द्यायचा. विद्यावेतन महिना २५,००० रुपये, दोन महिन्यांचे ५०,०००. परदेशात असल्या कामाला उन्हाळी संशोधन म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात एक तर परीक्षा असते नाहीतर टर्म, त्यामुळे हे काम लेक्चर संपल्यावर, चार ते सात या वेळात होतं.

पत्रं बहुतेक सर्जरीकडे डोळे लावून बसलेल्यांची आहेत. मी सर्जनची खुर्ची एकतीस वर्षं गरम केली, तेव्हा उत्तरं तिथूनच देते.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मला सर्जन व्हायचंय. गाईड सरांनी विषय सुचवला आहे : दुर्बिणीतून केलेली हर्नियाची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना. विषय मोठा वाटतो, पण सरांना नाही कसं म्हणू? — एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांना 'नाही' म्हणू नकोस. ओटीचं, म्हणजे शस्त्रक्रियागृहाचं, रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे जा. गेल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांत तुमच्या युनिटला किती हर्निया झाले, त्यातले दुर्बिणीतून किती, ते पेन्सिलीने मोज. माझा अंदाज, आकडा दोन हातांच्या बोटांवर मावेल, आणि त्यातही एक आठवडा दुर्बिणीचा कॅमेराच बिघडलेला असेल. सर स्वतःच म्हणतील, विषय बदलू.

हर्निया परत झाला की नाही, हे कळायला वर्षं जातात. तुझ्याकडे साठ दिवस. शिवाय कोणत्या रुग्णावर कोणती शस्त्रक्रिया हे तुम्ही ठरवून देणार असाल, तर ती क्लिनिकल ट्रायल झाली. २००९ पासून तिची देशाच्या ट्रायल रजिस्ट्रीत आधी नोंदणी करावी लागते. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने त्या भानगडीत पडू नये.

मुलांचा दुसरा लाडका विषय म्हणजे शस्त्रक्रियेच्या जखमेतला जंतुसंसर्ग. विषय चांगला, पण व्याख्या वाच. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत झालेला संसर्ग त्यात मोजतात, आणि जाळी किंवा सांधा आत बसवला असेल तर काही शस्त्रक्रियांमध्ये नव्वद दिवस. म्हणजे साठातले पहिले तीस दिवसच तुला नवीन रुग्ण घेता येतील, उरलेले तीस त्यांच्या मागे फिरण्यात जाणार. आणि रुग्ण टाके काढले की एसटीत बसतो. त्याचा फोन मुलाकडे, मुलगा पुण्याला कंपनीत. 'आबांची जखम कशी आहे?' विचारलं की मुलगा म्हणतो, 'बरी असंल की.' हे वाक्य मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती भरायच्या तक्त्यात, कुठल्या रकान्यात भरणार?

मग काय कर? जे रोज तुझ्या डोळ्यांसमोर आहे आणि जे तुला तुझ्या हाताने मोजता येईल, ते घे. मधुमेही पायाच्या जखमा घे. तुमच्या पुरुष सर्जिकल वॉर्डात निम्मे पलंग त्यांचेच असतील, आणि ते रुग्ण आठवडेच्या आठवडे राहतात. केसपेपरवर रेसिडेंट काय लिहितो बघ : '६ बाय ४'. म्हणजे पट्टीने लांबी-रुंदी घेतली, गुणाकार चोवीस चौरस सेंटिमीटर. पण जखम काय चौकोनी असते? ती लंबगोल असेल तर खरं क्षेत्रफळ एकोणीसच्या आसपास भरतं, आणि वेडीवाकडी असेल तर आणखी काही. पट्टीची मोजणी किती चुकते, आणि त्या चुकीमुळे 'जखम भरतेय' हा निर्णय बदलतो का, एवढाच प्रश्न. साठ दिवसांत बसतो.

पद्धत सांगते, कारण पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. निर्जंतुक पारदर्शक फिल्म दोन थरांत घ्यायची. ड्रेसिंग उघडून, धुऊन, कड कोरडी केली की फिल्म जखमेवर ठेवायची, दाबायची नाही. पर्मनंट मार्करने कडेकडेने रेघ फिरवायची. टाच कुठे आणि बोटं कुठे, याची बाणाने खूण करायची, नाहीतर पुढच्या आठवड्यात कागद उलटा धरला जातो. जखमेला लागलेला खालचा थर जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, वरचा आलेखाच्या कागदावर. मग चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त आत असलेला धरायचा, कमी असेल तो सोडायचा. पहिल्या दिवशी एका जखमेला तुला वीस मिनिटं लागतील आणि सिस्टर वैतागतील. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटांत होईल आणि सिस्टरच फिल्म काढून ठेवतील. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर बाराव्या आठवड्यापर्यंत ती जखम भरण्याची शक्यता बरीच कमी असते. म्हणून हे चौकोन मोजणं रिकामटेकडेपणाचं नाही. उपचार बदलायचा की नाही, ते त्यावर ठरतं.

एक अट मात्र पाळ. एथिक्स कमिटीचं, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं, पत्र हातात पडेपर्यंत एकाही जखमेवर फिल्म ठेवू नकोस. माझ्या हाताखालच्या एका मुलाने पत्र यायच्या अकरा दिवस आधी काम सुरू केलं. बावीस रुग्ण. सगळे काढून टाकावे लागले. चूक त्याची नव्हती. 'कमिटी काय, होईलच मंजूर' असं मीच राउंडवर चालता चालता म्हणाले होते.

आणि संमतिपत्र मराठीत लिहिशील ते माणसाच्या मराठीत लिही. मी कमिटीवर होते तेव्हा एका अर्जात वाचलं होतं : 'सदर अभ्यासातील सहभाग प्रत्याहृत करण्याचा अधिकार सहभागी राखून ठेवतो.' लिहिणाऱ्या मुलालाच अर्थ विचारला, त्याला सांगता आला नाही. 'तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. नाही म्हणालात तरी ड्रेसिंग आणि औषधं आत्तासारखीच चालू राहतील.' झालं की.

प्रश्न : मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. हे एसटीएस करतो म्हणतोय. पीजीच्या प्रवेशाला याचे किती मार्क धरतात? शिवाय एका माणसाने फोन करून सांगितलं की आठ हजारांत प्रपोजल आणि रिपोर्ट दोन्ही लिहून मिळेल. द्यावेत का? — एक पालक, सांगली

उत्तर : मार्क शून्य. पीजीची जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते, सर्टिफिकेटावर नाही. हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढे तुमची माझ्याबद्दल तक्रार नको.

आठ हजार देऊ नका. ते लिहिणारे एकच रिपोर्ट चार कॉलेजांत विकतात. एकदा माझ्याकडे आलेल्या एका रिपोर्टात आमच्या हॉस्पिटलचे रुग्ण 'किनारपट्टीवरील मच्छीमार समाजातील' होते. आमच्यापासून समुद्र अडीचशे किलोमीटर. आणि एक : पैसे आणि सर्टिफिकेट रिपोर्ट मंजूर झाल्यावरच मिळतात. म्हणजे झेरॉक्स, फिल्म, छपाई, सगळं आधी खिशातून. मुलाला दोन-तीन हजार द्यायचेच असतील तर त्यासाठी द्या, त्या फोनवाल्याला नको.

आता तुम्ही विचाराल, मार्क नाहीत तर करायचं कशाला. एक गोष्ट सांगते. थायरॉइडचं ऑपरेशन करताना सर्जनचा जीव दोन गोष्टींत अडकलेला असतो. एक आवाजाची नस. दुसरी, थायरॉइडच्या पाठीमागे चिकटलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या, मोहरीच्या फेसासारख्या रंगाच्या चार ग्रंथी. त्या चरबीत अशा मिसळून असतात की नवखा माणूस चरबी म्हणून काढून टाकतो. मग दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या ओठांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडून चोचीसारखी होतात, कारण रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. या पॅराथायरॉइड ग्रंथी माणसात कोणी दाखवून दिल्या? इव्हार सँडस्ट्रॉम, स्वीडनमधल्या उप्सालाचा. त्या त्याला आधी कुत्र्याच्या मानेत दिसल्या, तेव्हा तो वैद्यकीय विद्यार्थी होता. मग त्याने माणसांची पन्नास प्रेतं तपासली आणि १८८० मध्ये लेख छापला. त्याच्याआधी रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका गेंड्यात अशी ग्रंथी पाहिली होती. आणि गेंडा भारतीय होता बरं का! माणसाच्या मानेत मात्र नीट शोधलं ते त्या पोराने.

तुमचा मुलगा ग्रंथी शोधेल असं मी म्हणत नाही. पण पन्नास वेळा तेच ते बारकाईने बघायची सवय सर्जनला लागते, आणि ती सवय कोचिंग क्लासात लागलेली मी पाहिली नाही. नीट-पीजीचा अभ्यास बुडतो का? दोन महिने थोडा बुडतो. शेवटच्या वर्षापर्यंत थांबू मात्र देऊ नका, तेव्हा खरंच वेळ नसतो. आणि इंटर्न झाल्यावर ही योजना मिळतच नाही.

प्रश्न : मी बीएएमएसला आहे, शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या शस्त्रक्रिया शाखेत, पुढे जायचं आहे. आमच्यासाठी काहीच नाही का? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आहे. आयुर्वेदाच्या केंद्रीय संशोधन परिषदेने, म्हणजे सीसीआरएएसने, २०२२ मध्ये 'स्पार्क' नावाने अशीच योजना सुरू केली. तिथेही ५०,००० रुपये, दोन महिने.

मी अ‍ॅलोपॅथीची. पण भगंदराच्या, म्हणजे गुदद्वाराजवळ पडलेल्या नळीसारख्या मार्गाच्या, बाबतीत क्षारसूत्रापुढे मी कधी नाक मुरडलं नाही. क्षारसूत्र म्हणजे औषधी थर दिलेला दोरा, तो त्या मार्गात ओवून ठेवला की मार्ग हळूहळू कापत जातो. आयसीएमआरनेच अनेक केंद्रांवर तुलना करून १९९१ मध्ये ती छापली होती. क्षारसूत्राने बरं व्हायला वेळ दुप्पट लागला, आठ आठवडे विरुद्ध चार, पण वर्षभरात भगंदर उलटण्याचं प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के.

तू परत तीच तुलना करायला जाऊ नकोस. दर आठवड्याला सूत्र बदलताना नवीन सूत्र जुन्याला बांधून ओढून घेता ना? ते बाहेर आलेलं जुनं सूत्र बादलीत टाकायच्या आधी पट्टीवर ठेव. मार्गातली लांबी किती उरली, ते मिलिमीटरमध्ये लिही. एक सेंटिमीटर कापायला किती दिवस लागले, हा आकडा त्यातून निघतो. आठवड्याला सेंटिमीटरच्या आसपास कापलं जातं असं धरलं, तर पाच सेंटिमीटरचा मार्ग तुझ्या दोन महिन्यांत पुरा होतो. मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांत हा वेग वेगळा आहे का, बघ. सूत्र कोणी बनवलं, अकरा, सात आणि तीन असे एकवीस थर खरोखर दिले होते का, तेही लिहून ठेव. बाजारातल्या सूत्रांचा भरवसा मला वाटत नाही.

प्रश्न : आमचं खासगी कॉलेज. पलंग भरपूर, रुग्ण कमी. मधुमेही पाय महिन्यातून दोन. सर्जरीत काय करू? — एक विद्यार्थी

उत्तर : रुग्ण कमी असतील तर डॉक्टर मोज. ते तुमच्याकडे भरपूर असतील.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी, अशा तीन वेळा थांबून मोठ्याने विचारायचं : रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, गॉज मोजले का. जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्ली होती. २००९ मध्ये निकाल छापून आले : मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर.

तुमच्या ओटीत ही यादी केसपेपरला टाचलेली असेल, आणि तिच्यावर सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या असतील. तू कोपऱ्यात उभा राहून ऐक. कोणता मुद्दा खरंच मोठ्याने बोलला गेला, कोणता नुसताच टिक झाला? तू कागद घेऊन उभा दिसलास की पहिले काही दिवस सगळे शाळेतल्यासारखं म्हणून दाखवतील. म्हणून पहिल्या आठवड्याची नोंद कर, पण ती वेगळी ठेव. कोणत्या सर्जनने काय केलं, हे नाव घालून लिहू नकोस. विभागप्रमुखांना आधी सांग, नंतर नाही. लपून केलेली मोजणी कोणालाच आवडत नाही, आणि ओटीतून हाकललेल्या विद्यार्थ्याला परत आत घेत नाहीत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलाचं मेडिकल स्कूलचं पहिलं वर्ष मेमध्ये संपेल. त्याला ऑर्थोपेडिक्समध्ये जायचंय, आणि उन्हाळ्यात साताऱ्याला मामाकडे राहून तिथल्या हॉस्पिटलात संशोधन करायची इच्छा आहे. जमेल का? — एक आई

उत्तर : मामाकडे जरूर पाठवा. संशोधन तिकडेच करू दे.

तिकडचा पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधला उन्हाळा हा मोकळा असा एकच असतो. त्यासाठीच तिथल्या एनआयएचचं, म्हणजे सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं, टी-३५ नावाचं प्रशिक्षण अनुदान बऱ्याच कॉलेजांना मिळतं, आणि सर्जरीच्या शाखांच्या संस्थाही विद्यार्थ्यांना आठ-दहा आठवड्यांसाठी पैसे देतात. न्यूरोसर्जरीवाल्यांची तशी योजना आहे. त्याने आपल्या कॉलेजच्या संशोधन कार्यालयात हिवाळ्यातच चौकशी करावी. मेमध्ये विचारलं तर जागा गेलेल्या असतात. जानेवारी २०२२ पासून तिकडच्या स्टेप १ या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचे गुण देणं बंद झालं, नुसतं पास-नापास उरलं. त्यामुळे ऑर्थोसारख्या चढाओढीच्या शाखेत प्रवेश देताना संशोधनाकडे जास्त लक्ष जातं. सांगलीच्या पालकांना मी उलटं उत्तर दिलं ते याचमुळे. दोन देशांची दोन गणितं.

इथे येऊन परदेशी पैशावर किंवा परदेशी संस्थेबरोबर रुग्णांवर अभ्यास करायचा, तर इथल्या एथिक्स कमिटीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. ती हातात पडेपर्यंत त्याचा उन्हाळा संपून साताऱ्यात पाऊस लागलेला असेल. त्याने यावं, मामाच्या ओळखीने ओपीडीत बसून बघावं, आणि मेच्या शेवटी आला तर आंबे खावेत.

प्रश्न : माझं प्रपोजल निवडलं गेलं नाही. विषय मधुमेही पायाच्या जखमांचाच होता, एथिक्स कमिटीची मंजुरीही मिळाली होती. आता सोडून देऊ का? — एक विद्यार्थिनी, विदर्भ

उत्तर : मंजुरी आहे ना? मग कर. पन्नास हजार मिळणार नाहीत, आणि तेवढा फरक पडतो, हे मला कळतं. फिल्मचा खर्च विभागाकडून मागून घे. आणि पेपर लिहायची वेळ येईल तेव्हा नावांचा क्रम कसा असेल, हे आत्ताच गाईडना विचारून घे. मी रेसिडेंट असताना विचारलं नव्हतं. आठ महिने जमवलेल्या माहितीचा लेख मला ग्रंथालयात अचानक दिसला. लेखकांची पाच नावं होती, त्यांत माझं नव्हतं.

तुझ्यासारखीच एक मुलगी माझ्याकडे होती. नाव यादीत आलं नाही, तरी ती रोज चारला ड्रेसिंग रूममध्ये हजर. कॉट नंबर नऊवर एक पासष्टीचे शेतकरी होते, उजव्या तळव्याला जखम. आधी ते तिच्यावर खेकसायचे, 'रोज रोज काय गिरवतीस?' सहाव्या आठवड्यात तिने त्यांचे सहा कागद तारखेप्रमाणे पलंगावर ओळीने मांडले. पहिला तळहाताएवढा, शेवटचा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चौथा कागद उचलला. तो तिसऱ्यापेक्षा मोठा होता.

'ह्या आठवड्यात पोळ्याला घरी गेलतो,' ते म्हणाले, 'अनवाणी.'

केसपेपरवर याची नोंद नव्हती. तिने प्रोफॉर्माच्या, म्हणजे अभ्यासाच्या नोंदपत्रकाच्या, समासात लिहून घेतली.